घरगुती अवजारांनी होणारी हाताची इजा : ओळख, प्रथमोपचार आणि उपचार

भोपाळ शहराच्या पूर्व भागात पिपलानी नावाची वस्ती आहे. १९५६ साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया)' ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कारखान्याभोवती कामगारांची मोठी वसाहत उभी राहिली. बरखेडा, गोविंदपुरा यांच्याप्रमाणेच पिपलानी हा त्या वसाहतीचा एक भाग. १९७४ साली ही कंपनी 'भेल'मध्ये विलीन झाली. ट्रान्सफॉर्मर, जलविद्युत टर्बाइन, रेल्वे इंजिनांच्या मोटारी अशी अवजड यंत्रसामग्री येथे तयार होत आली आहे. यंत्राजवळ हात कसा ठेवावा, हे ज्यांना रोज शिकवले जाते, अशा माणसांची ही वस्ती.

कारखान्याच्या फाटकाच्या आत या शिकवणुकीला कायद्याचा आधार असतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्रभागांना संरक्षक कुंपण, दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० हून अधिक कामगार असल्यास स्वतंत्र उपचारकक्ष बंधनकारक केला. फाटकाबाहेर, घरी, तोच कामगार सुटीच्या दिवशी ड्रिल मशीन हाती घेतो तेव्हा यांपैकी काहीही नसते. प्रथमोपचार पेटी सापडत नाही, कटरचे संरक्षक आवरण कधीच काढून ठेवलेले असते आणि जखमेवर काय करावे हे सांगणाराही कोणी नसतो. पिपलानीतील क्वार्टर असो, फोंड्यातील सदनिका असो की काणकोणमधील कुळागराचे घर, ही स्थिती सारखीच आहे.

अशा अपघातात अनेकदा मूळ इजेपेक्षा तिच्याविषयीचा गैरसमज अधिक नुकसान करतो. जखम लहान दिसते, रक्त थांबते, पट्टी बांधली जाते. तीन आठवड्यांनी बोट वाकत नाही किंवा त्याचे टोक बधिर राहिले आहे, असे लक्षात येते. तोपर्यंत सोप्या शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. हाताच्या बाबतीत जखमेच्या लांबीवरून इजेची खोली ठरत नाही.

हाताची रचना आणि धोका

मनगटासह एका हातात २७ हाडे असतात. मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. बोटांना हलवणारे स्नायू बोटांत नसतात, ते तळहातात आणि मुख्यतः कोपराखालच्या भागात असतात. तेथून निघालेल्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून पुढे येऊन बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. एक मधला सांधा वाकवते, दुसरी टोकाचा. अंगठ्याला वाकवणारी लांब कंडरा एकच. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक रक्तवाहिनी आणि तिच्या अगदी लगत एकेक मज्जातंतू जातो.

या सर्व गोष्टी त्वचेपासून काही मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणून सुरीचे टोक तळहातात अर्धा सेंटिमीटर शिरले तरी कंडरा किंवा मज्जातंतू कापला जाऊ शकतो. बाहेरून दिसते ती केवळ एक बारीक चीर.

कोणते अवजार, कोणती इजा

विळी (गोव्यात आदोळी), सुरी आणि कोयती यांची जखम सरळ कडांची असते. ती स्वच्छ दिसते, पण खोल असू शकते. नारळ किंवा फणस तळहातावर धरून फोडताना पाते निसटले, तर टोक थेट तळहातात घुसते. मासळी साफ करताना झालेल्या जखमेत जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो, म्हणून तो तपशील डॉक्टरांना आवर्जून सांगावा. कोयतीच्या किंवा गवत कापण्याच्या यंत्राच्या जखमेत माती आणि पालापाचोळा शिरलेला असतो.

मिक्सरच्या भांड्यात हात घातलेला असताना बटण दाबले गेले, तर एकाच वेळी दोन-तीन बोटांची टोके, नखे आणि हाडे दुखावतात. ग्राइंडर किंवा कटर या हाती धरायच्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. चार इंची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. ती नुसती कापत नाही, त्वचा, कंडरा व हाड यांचा काही भाग घासून नाहीसा करते. अशा जखमेच्या कडा फाटक्या असतात आणि जोडण्यासाठी पुरेसे कातडे उरत नाही.

हातोडी, दार किंवा पाटा-वरवंटा यांच्याखाली बोट चेंगरले तर नखाखाली रक्त साकळते, टोकाचे हाड मोडू शकते. त्वचा फाटली नसली, तरी तीव्र ठणका आणि वाढती सूज असेल तर एक्स-रे आवश्यक ठरतो. बोटाच्या टोकावर फटका बसल्यानंतर ते टोक खाली झुकले आणि स्वतःहून सरळ होत नसेल, तर वरच्या बाजूची कंडरा तुटलेली असण्याची शक्यता असते. वेळीच लक्षात आल्यास हा दोष बहुधा शस्त्रक्रियेविना, सहा ते आठ आठवडे सतत आधारपट्टी बांधून बरा होतो. पट्टी मध्येच एकदा जरी काढून टोक वाकवले, तरी मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते.

सर्वांत फसवी इजा मात्र उच्च दाबाच्या फवाऱ्याची. गाडी धुण्याचा प्रेशर वॉशर, रंगाचा एअरलेस फवारा किंवा ग्रीस भरण्याची गन यांचे तोंड बोटावर आले, तर टाचणीएवढे छिद्र पडते आणि पहिल्या तासाभरात वेदनाही फारशी नसते. आत मात्र रंग, ग्रीस किंवा पाणी कंडरांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरलेले असते. अशी इजा ही शस्त्रक्रियेची आणीबाणी समजली जाते. विशेषतः रंग किंवा थिनर शिरला असेल आणि उशीर झाला, तर बोट गमवावे लागण्याचा धोका मोठा असतो. छिद्र कितीही लहान असले तरी तत्काळ इस्पितळ गाठावे.

पहिली दहा मिनिटे

प्रथम यंत्र बंद करून त्याचा प्लग काढावा. जखमी व्यक्तीला खाली बसवावे किंवा आडवे करावे, कारण रक्त पाहून भोवळ येणे आणि पडून दुसरी इजा होणे सामान्य आहे. जखमेवर स्वच्छ सुती कापडाची किंवा गॉजची घडी ठेवून तळव्याने घट्ट दाब द्यावा आणि हात हृदयाच्या पातळीहून वर धरावा. हा दाब घड्याळ लावून किमान दहा मिनिटे सलग ठेवावा. दर मिनिटाला कापड उचलून पाहिले, तर जमू लागलेली रक्ताची गुठळी निघते. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरी घडी ठेवून दाब वाढवावा. हातातील बहुतेक रक्तस्राव एवढ्यानेच थांबतो.

अंगठी, बांगड्या, कडे आणि घड्याळ लगेच उतरवावे. सूज चढल्यावर अंगठी निघत नाही आणि पुढे तीच बोटाचा रक्तपुरवठा तोडते.

रक्त थांबल्यावर उथळ जखम पिण्यायोग्य पाण्याच्या धारेखाली काही मिनिटे धुवावी. माती, लाकडाचा भुसा, लोखंडाचा कीस जितका निघेल तितका धारेनेच जाऊ द्यावा. जखमेत खिळा, पात्याचा तुकडा किंवा लाकडाची मोठी फट रुतलेली असेल, तर ती उपटू नये. ती वस्तूच एखाद्या रक्तवाहिनीचे तोंड बंद करून बसलेली असू शकते. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही अशी पट्टी बांधावी आणि तसेच इस्पितळात जावे.

बोटाच्या मुळाशी रबर बँड किंवा सुतळी आवळणे हा सर्वत्र दिसणारा आणि घातक उपाय आहे. असा बंध पट्टीखाली विसरला गेला तर बोट काळे पडते. रक्त उसळ्या मारून वाहत असेल आणि थेट दाबाने थांबत नसेल, तरच दंडाभोवती किमान पाच सेंटिमीटर रुंद पट्टा आवळावा. तो सांध्यावर बांधू नये, बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि एकदा बांधल्यावर इस्पितळातच सोडू द्यावा. वाहती रक्तवाहिनी चिमट्याने पकडण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. तिच्याच शेजारी मज्जातंतू असतो आणि तो चिरडला जातो.

जखमेवर काय लावू नये

हळद, कॉफीची किंवा चहाची पूड, चुना, टूथपेस्ट, साखर, राख, रॉकेल, पेट्रोल या वस्तू आजही अनेक घरांत जखमेवर दाबल्या जातात. हळदीत जंतुरोधक गुण आहेत हे खरे, पण स्वयंपाकघरातील डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती जखमेच्या तळाशी चिकटून बसते, आतले काही दिसू देत नाही आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. रॉकेल व पेट्रोल उघड्या मांसाला प्रत्यक्ष इजा करतात. पाणी न मिसळलेले तीव्र जंतुनाशक किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड खोल जखमेत ओतल्यानेही निरोगी पेशी मरतात आणि जखम भरण्यास उशीर होतो. स्वच्छ पाणी आणि कोरडे स्वच्छ कापड, एवढेच प्रथमोपचाराचे साहित्य पुरेसे आहे.

पट्टी बांधण्यापूर्वीची तपासणी

रक्त थांबल्यावर आणि अंतिम पट्टी बांधण्यापूर्वी दोन मिनिटांत तीन गोष्टी पाहता येतात. मोठी इजा टळली की नाही याचा अंदाज त्यावरून येतो.

पहिली गोष्ट हालचाल. प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे वाकवून आणि सरळ करून पाहावा. टोकाचा सांधा तपासताना मधला सांधा दुसऱ्या हाताने सरळ धरून ठेवावा आणि केवळ टोक वाकवण्यास सांगावे. दोनांपैकी एकच कंडरा तुटलेली असेल तर मूठ काही अंशी वळते, म्हणून नुसती मूठ मिटवून पाहणे पुरेसे नाही. बोट हलते पण हलवताना जखमेत तीव्र कळ येते, अशा वेळी कंडरा अर्धवट कापली गेलेली असू शकते. ती काही दिवसांनी अचानक तुटते. रुतलेली वस्तू असेल किंवा बोट लोंबत असेल, तर ही तपासणी घरी करू नये.

दुसरी गोष्ट संवेदना. डोळे मिटायला सांगून बोटाच्या टोकाच्या दोन्ही कडांना कापसाने हलकेच स्पर्श करावा आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी तुलना करावी. एक कड बधिर असेल तर त्या बाजूचा मज्जातंतू दुखावला आहे, असे समजून चालावे.

तिसरी गोष्ट रंग. नखावर दाब देऊन सोडल्यावर सुमारे दोन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोट पांढरे, निळसर किंवा गार असेल तर रक्तपुरवठा बिघडलेला आहे.

यांपैकी एकही उत्तर संशयास्पद आले, तर जखम नखाएवढी असली तरी ती घरी किंवा औषधाच्या दुकानात उपचार करण्याची राहत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या दाबानेही न थांबणारे रक्त, सांध्यावरची किंवा तळहातातील खोल जखम, आत हाड वा पांढरी दोरी दिसणे, यंत्राने झालेली इजा, मातीने किंवा शेणाने माखलेली जखम, तसेच मधुमेह असलेल्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची कोणतीही खोल जखम, या सर्वांसाठी त्याच दिवशी इस्पितळात जावे.

बोट तुटून वेगळे झाले तर

प्रथम जखमी व्यक्तीचा रक्तस्राव थांबवावा. नंतर तुटलेला भाग शोधावा. तो मातीत पडला असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच खळबळावा, घासू नये. सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर करून पिळलेल्या गॉजमध्ये अथवा सुती कापडात तो गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बंद करावे आणि ही पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी. तुटलेल्या भागाला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. थेट बर्फात ठेवलेल्या बोटाच्या पेशी गोठून मरतात, पाण्यात बुडवलेल्या भागाच्या फुगतात. दोन्ही चुकांमुळे जोडता येण्याजोगे बोट निकामी होते.

बोटात स्नायू नसल्यामुळे ते तुलनेने अधिक काळ टिकते. सामान्य तापमानाला सुमारे १२ तास आणि नीट थंड ठेवल्यास सुमारे २४ तासांपर्यंत ते जोडता येण्याची शक्यता धरली जाते. तळहात किंवा मनगटावरून हात तुटला असेल तर स्नायूंमुळे ही मुदत सामान्य तापमानाला जेमतेम सहा तासांची असते. या कमाल मर्यादा आहेत. जितके लवकर पोहोचता येईल तितका निकाल चांगला. भाग फारच चिरडलेला दिसला तरी तो टाकून देऊ नये, कारण त्याची त्वचा, नख किंवा हाड दुसऱ्या जागी वापरता येते. बोट थोड्याशा कातडीने लोंबत असेल तर ते तोडू नये. त्या कातडीतूनच उरलासुरला रक्तपुरवठा चालू असू शकतो.

जखमी व्यक्तीला खाण्यापिण्यास देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. विडी-सिगारेट तर मुळीच नको. निकोटिनने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जोडलेले बोट हातचे जाऊ शकते.

कोठे जावे

उथळ, स्वच्छ जखमेसाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र पुरेसे आहे. कंडरा, मज्जातंतू किंवा हाडाची इजा असल्यास अस्थिरोग आणि प्लास्टिक सर्जरी हे दोन्ही विभाग असलेले इस्पितळ लागते. पिपलानीच्या रहिवाशाला वसाहतीत भेलचे कस्तुरबा रुग्णालय आहे. साकेतनगरमधील एम्स फार दूर नाही, आणि जुन्या शहरात गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले हमीदिया रुग्णालय आहे. गोव्यात म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळे आणि त्यांच्यापुढे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, अर्थात गोमेकॉ, अशी ही साखळी आहे. राज्याचा लहान आकार येथे उपयोगी पडतो. सीमेवरच्या गावातूनही साधारण दोन तासांत बांबोळी गाठता येते. बोट तुटल्यावर दोन-तीन दवाखाने फिरण्यात हीच वेळ वाया जाते. दोन्ही राज्यांत १०८ ही रुग्णवाहिका सेवा विनाशुल्क आहे.

निघताना अपघाताची वेळ, अवजाराचे नाव, जखमी व्यक्तीचा कामाचा हात उजवा की डावा, तिचा व्यवसाय, मधुमेह व चालू औषधे आणि धनुर्वाताची शेवटची लस यांची नोंद सोबत असावी. उपचाराचा निर्णय याच माहितीवर ठरतो.

इस्पितळात काय होते

डॉक्टर प्रथम संवेदना तपासतात आणि मगच बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण इंजेक्शननंतर मज्जातंतूची परीक्षा होऊ शकत नाही. एक्स-रेत मोडलेले हाड, धातूचे तुकडे आणि बहुतेक प्रकारची काच दिसते, लाकूड मात्र सहसा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी उपयोगी पडते. नंतर जखम भरपूर सलाइनने धुऊन, मृत भाग काढून आतील रचना प्रत्यक्ष पाहिल्या जातात. फार मळलेली जखम लगेच शिवत नाहीत. ती उघडी ठेवून दोन-चार दिवसांनी बंद करतात. 'टाके घातले नाहीत' म्हणजे हयगय झाली, असा अर्थ अशा वेळी काढू नये.

तळहाताच्या बोटांकडील घडीपासून बोटाच्या मधल्या सांध्यापर्यंतच्या पट्ट्यात दोन्ही कंडरा एकाच अरुंद बोगद्यातून जातात. अमेरिकी शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला निर्मनुष्य रणभूमीची उपमा दिली होती. येथे जोडलेली कंडरा आवरणाला चिकटून बसत असे, म्हणून अनेक दशके तेथील कंडरा ताबडतोब न जोडण्याचाच सल्ला दिला जाई. १९६७ साली हॅरॉल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच जोडणी करून बोटाची नियंत्रित हालचाल सुरू ठेवल्यास चांगले परिणाम मिळतात, हे दाखवले. आज हीच पद्धत रूढ आहे. ही जोडणी पहिल्या काही दिवसांत करणे श्रेयस्कर. दोन-तीन आठवड्यांनंतर कंडरेचे टोक तळहाताकडे ओढले जाऊन आखडते आणि मग दुसरीकडची कंडरा घेऊन, कधी दोन टप्प्यांत, शस्त्रक्रिया करावी लागते.

तुटलेला अवयव जोडण्याचा इतिहासही फार जुना नाही. १९६२ साली बॉस्टन येथे रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने बारा वर्षांच्या मुलाचा तुटलेला हात जोडला. १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून जोडला. भारतात हाताच्या शस्त्रक्रियेला पाया मिळाला तो कुष्ठरोगामुळे लुळ्या पडलेल्या हातांवरील कामातून. वेल्लोरला पॉल ब्रँड आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नोशिर अंटिया यांनी ते काम उभे केले.

प्रत्येक तुटलेले बोट जोडले जातेच असे नाही. अंगठा, एकाहून अधिक बोटे आणि लहान मुलांची बोटे जोडण्याचा प्रयत्न आवर्जून केला जातो. एकटे, चिरडलेले बोट जोडण्यापेक्षा टोक नीट बंद करून माणसाला लवकर कामावर जाऊ देणे कधी अधिक हिताचे असते. हा निर्णय रुग्णाशी बोलूनच घेतला जातो, म्हणून प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

धनुर्वाताची लस

धनुर्वात गंजामुळे होतो, ही समजूत अपुरी आहे. त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. चकचकीत सुरीच्या जखमेतूनही ते शिरू शकतात. लहानपणीच्या सर्व मात्रा पूर्ण झाल्या असतील, तर स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटच्या मात्रेला दहा वर्षे आणि मळलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षे उलटली असल्यास वर्धक मात्रा घ्यावी. दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घेण्याची प्रथा अनावश्यक आहे. ज्यांचे लसीकरण झालेले नाही किंवा आठवत नाही, त्यांना मळलेल्या जखमेसाठी लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते.

टाक्यांनंतरचा काळ

हाताचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोपर्यंत पट्टी कोरडी ठेवावी, पहिले काही दिवस हात उशीवर उंच ठेवावा आणि पट्टीबाहेरची बोटे, कोपर व खांदा दिवसातून अनेकदा हलवावेत. न दुखावलेले सांधे आखडणे ही या काळातील सर्वांत मोठी आणि टाळता येण्याजोगी हानी आहे.

ठणका वाढणे, सूज पसरणे, पू येणे, ताप, हातावर वर चढणारी लाल रेघ ही संसर्गाची लक्षणे आहेत. संपूर्ण बोट एकसारखे सुजले, ते किंचित वाकलेल्या स्थितीतच राहिले, तळहाताच्या बाजूने दाबल्यास सर्वत्र दुखले आणि सरळ करताना असह्य कळ आली, तर कंडरेच्या आवरणात पू झाल्याचा संशय घ्यावा. ही रात्र न दवडता इस्पितळात जाण्याची स्थिती आहे. केवळ गोळ्या घेऊन वाट पाहिल्यास कंडरा कुजते.

कंडरा जोडल्यानंतर आधारपट्टीत, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, पहिल्याच आठवड्यात ठरावीक हालचाल सुरू होते. पूर्ण जोर लावण्यास साधारण तीन महिने थांबावे लागते. मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणजे मनगटाशी कापलेल्या मज्जातंतूची संवेदना बोटाच्या टोकापर्यंत यायला सहा महिने सहज लागतात. तोवर बधिर बोट गरम तव्याला किंवा पात्याला लागले तरी कळत नाही, म्हणून त्याची राखण डोळ्यांनी करावी लागते.

खर्च आणि प्रतिबंध

कामावर झालेल्या इजेसाठी कामगार विमा योजनेखाली अपंगत्वाचा लाभ किंवा कायद्याने नुकसानभरपाई मिळू शकते. घरच्या अपघाताला हे दोन्ही लागू नाही. विमाधारक कामगाराला व त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय उपचार मिळतात, पण बोट गमावल्याची भरपाई मिळत नाही. सुतार, शिंपी, पदेर, माडावर चढणारा पाडेली अशा हातावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने घरातली ही इजा म्हणूनच अधिक महाग पडते.

कारखान्याची शिस्त घरी आणण्यास फारसा खर्च येत नाही. ग्राइंडरचे आवरण काढू नये आणि त्यावर लाकूड कापण्याची दातेरी चकती बसवू नये. ती लाकडात अडकून उसळते आणि मांडी किंवा हात कापते. चकतीवर लिहिलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी नसावी. चकती किंवा ड्रिलचे टोक बदलताना प्लग काढावा. फिरत्या ड्रिलजवळ सैल कापडी मोजे घालू नयेत. मोजा गुंडाळला गेला की बोटही त्यात ओढले जाते. अंगठी आणि सैल बाह्या यांनाही हेच लागू. गवत कापण्याच्या यंत्रात अडकलेले गवत इंजिन पूर्ण थांबल्यावर काठीनेच काढावे. मिक्सरच्या भांड्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. विळीचे काम संपताच ती मिटून किंवा पाते भिंतीकडे करून ठेवावी, आणि नारळ तळहातावर धरून फोडू नये. बोथट सुरीला जोर अधिक लागतो आणि ती अधिक निसटते, म्हणून पाते धारदार ठेवणे हीच सुरक्षितता आहे.

घरातील पेटीत निर्जंतुक गॉज, रुंद पट्टी, चिकटपट्टी, कात्री, सलाइनची बाटली आणि तोंड बंद होणाऱ्या दोन प्लास्टिक पिशव्या असाव्यात. पेटीच्या झाकणावर १०८ हा क्रमांक आणि घरातील प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या शेवटच्या लसीची तारीख लिहून ठेवावी. अपघात झालेल्या हाताने या गोष्टी शोधता येत नाहीत.